दवाखान्यातला भ्रम आणि घराचा हिशेब



शेतीखात्याचा माणूस आज बियाणे, खते आणि बोंडअळी सोडून दवाखान्याच्या गोष्टी का सांगत बसला, असे तुम्हाला वाटेल. पण पंचवीस-तीस वर्षे गावोगाव हिंडताना एक गोष्ट मी पुष्कळदा पाहिली आहे. दुष्काळात जे घर तग धरते ते कधी कधी एका आजारपणात खचते. आणि त्यातही मूळ दुखणे एकवेळ परवडते. दवाखान्यात गेल्यावर त्याच्यावर जे दुसरे दुखणे चढते, ते पैशाने आणि मनाने घराला रिते करून जाते. त्या दुसऱ्या दुखण्याविषयी आज लिहायचे आहे. ऐकीव सांगत नाही, माझ्याच घरातली हकीकत आहे.

२०१८ सालचा फेब्रुवारी महिना. आमचे गाव जालना जिल्ह्यातले. तीन एकर हरभरा वाळून काढणीला आला होता. माझे वडील, त्यांना आम्ही सगळे आबा म्हणत असू, गोठ्यातल्या ओल्या फरशीवरून घसरून पडले. वय अठ्ठ्याहत्तर. मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नेले, दोन तारखेला ऑपरेशन झाले. ऑपरेशन चांगले झाले, आठ तारखेपर्यंत घरी जाल, असे सांगण्यात आले. धाकट्या भावाने लगेच मनाशी हिशेब मांडला : आठला आबा घरी, नऊ-दहाला हरभरा काढायचा, लगोलग खळे.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबांनी विचारले, “बैलांना पाणी दावलं का रे?”

बैल विकून दोन वर्षे झाली होती. आम्ही हसलो. भाऊ म्हणाला, “दावलं, आबा.” आमची पहिली चूक इथेच झाली. ही थट्टेवारी नेण्याची गोष्ट नव्हती, त्याच वेळी जाऊन सिस्टरांना सांगायला हवे होते.

रात्री बारानंतर आबा उठून बसले. “ह्या नळीला गाठ कोणी मारली? वाफ्यात पाणी येईना,” असे म्हणत त्यांनी सलाईनची नळी उपटली. बाहेरच्या पडवीतला दिवा पाहून, “लाईट आली, मोटार चालू करा,” म्हणून ते ऑपरेशन केलेल्या पायाने खाटेवरून उतरू लागले. मी आणि भाऊ दोघांनी धरले तरी आवरेनात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसात एवढे बळ कुठून आले कोण जाणे. सिस्टर धावत आल्या. शेवटी हात पट्टीने खाटेला बांधले. भाऊ जिन्यात जाऊन रडला.

दिवस उजाडल्यावर आबा गाढ झोपले. हाक मारली की डोळे उघडत, पुन्हा मिटत. आम्ही म्हणालो, “चला, निवळले.” तेही चुकीचेच होते, ते पुढे सांगतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी भावजय तांब्या घेऊन पाणी पाजायला गेली. आबांनी तोंड फिरवले आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असे ओरडले, “ही मला पाण्यातून फवारणीचं औषध पाजतीया! रान नावावर करून घ्यायचंय हिला!”

माझी बहीण तिथेच उभी होती. शेजारच्या खाटेचे नातेवाईक होते. वीस वर्षे सासऱ्याचे जेवणखाण, औषधपाणी पाहणारी माझी भावजय तांब्या खाली ठेवून बाहेर निघून गेली. बहीण काही बोलली नाही, पण तिच्या मनात ते बी पडले.

मग दवाखान्यात जे होते ते सगळे झाले. शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, हे बाहेरचे आहे, एक जाणता आहे, त्याला दाखवा. बहिणीने अंगारा आणला. भाऊ म्हणाला, सही करून आबांना घरी नेऊ, घरी गेले की शुद्धीवर येतील. आणि मी, बी.एस्सी. ॲग्रीकल्चर झालेला माणूस, मी काय केले? मला सर्दीसाठी एक गोळी लागते. ती घेतली की झोप येते. आबांना रात्री झोप लागावी म्हणून ती गोळी कोणाला न विचारता मी त्यांना दोन रात्री दिली. शेतकऱ्याने न विचारता दोन औषधे एका पंपात मिसळली की मी त्याला भर सभेत बोलतो. इथे मी स्वतः तेच केले.

चौथ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. त्यांनी खाटेशेजारी स्टूल ओढले आणि आबांच्या कानाशी वाकून विचारले, “बाबा, आठवड्याचे वार उलटे सांगा बरं. रविवार, शनिवार, असे.”

आबा म्हणाले, “रविवार... शनिवार...” आणि थांबले. “शनिवारी बाजार. बाजाराला जायचंय. पिशवी कुठाय?”

बाईंनी आमच्याकडे वळून विचारले, हे असे कधीपासून आहे? पूर्वी कधी असे होते का? चष्मा लावतात का? ऐकू कमी येते का? पोट कधी साफ झाले? घरची कोणती गोळी चालू आहे? दारूची सवय? एकेक उत्तर देताना माझा आवाज खाली जाऊ लागला. चष्मा घरी होता, दवाखान्यात हरवेल म्हणून आम्हीच तो कपाटात ठेवला होता. कानाचे यंत्र डबीत घालून माझ्या खिशात होते. पोट पाच दिवस साफ नव्हते. आणि ती गोळी. रक्त तपासले तर सोडियम कमी आलेले. लघवीच्या नळीमुळे लघवीत जंतू झालेले. बाई रागावल्या नाहीत. मी गोळीचे नाव सांगितले, ते त्यांनी कागदावर लिहून घेतले, एवढेच.

“हे वेड नाही आणि म्हातारचळही नाही,” त्या म्हणाल्या. “याला डिलिरियम म्हणतात. कारण सापडले की बहुतेकदा उतरते. पण वेळ लागेल आणि तुमची मदत लागेल.”

डिलिरियम या शब्दाचे मूळ मला पुढे वाचनात आले. लॅटिन भाषेत लिरा म्हणजे नांगराचे तास. नांगर तास सोडून भलतीकडे गेला की त्याला जे म्हणत, त्यावरून हा शब्द झाला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस नावाच्या रोमन ग्रंथकाराने तो आजारी माणसाच्या भरकटलेल्या मनासाठी वापरला आहे. आपल्याकडे ‘वातात बडबडतो’, ‘भ्रम झाला’, ‘सन्निपात झाला’ असे जे म्हणतात, त्यातली पुष्कळशी लक्षणे हीच. म्हणजे दुखणे जुनेच आहे. पण तापात बडबडणाऱ्या माणसाचा ताप पाहणारे आपण, ऑपरेशननंतर बडबडणाऱ्याच्या अंगात मात्र भूत पाहतो.

ओळखायचे कसे? हे दुखणे काही तासांत नाहीतर एक-दोन दिवसांत येते. परवापर्यंत बाजाराचा हिशेब चोख सांगणारा माणूस आज गडबडला, तर ते म्हातारपण नव्हे. म्हातारपणी बुद्धी मंदावण्याचा आजार महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. दुसरी खूण म्हणजे हे खालीवर होते. सकाळी ओळख दाखवतील, दिवेलागणीला पुन्हा भलते बोलतील. डॉक्टरांची फेरी बहुधा सकाळी असते आणि त्या वेळी रोगी नेमका नीट बोलतो. म्हणून रात्रीचे सांगण्याचे काम सोबतच्या माणसाचे. तिसरी आणि मुख्य खूण म्हणजे लक्ष ठरत नाही. उलटे वार विचारायचे ते त्यासाठीच. अमेरिकेतल्या डॉ. शॅरन इनूये यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली हे दुखणे खाटेजवळच ओळखण्याची सोपी पद्धत बसवली, ती आता जगभर वापरतात. तिच्यातही या खुणांना मोठे महत्त्व आहे.

आणि ते गाढ झोपणे. डिलिरियम म्हणजे आरडाओरडाच, असे नाही. काही रोगी अगदी गप्प होतात. जेवत नाहीत, बोलत नाहीत, पडून राहतात, भिंतीकडे पाहतात. ओरडणाऱ्याकडे सगळे धावतात, गप्प पडलेल्याला ‘शांत आहेत’ म्हणून सोडून देतात. हा गप्प प्रकार म्हाताऱ्या माणसांत पुष्कळ आढळतो आणि तोच नजरेतून निसटतो. पीक पिवळे पडले की आपण लगेच पाहतो, पण वरून हिरवे दिसणारे आणि वाढ थांबलेले पीक आठवडाभर कळत नाही. तसेच हे.

होते का, तर मेंदू आधीच थोडा नाजूक झालेला असतो आणि वरून धक्का बसतो. मूळकूज लागलेले झाड वाऱ्याने पडते, लोक वाऱ्याला दोष देतात. वय, कमी दिसणे, कमी ऐकू येणे, पूर्वीचा विसराळूपणा, एकाच वेळी चार-सहा औषधे ही झाली मूळकूज. ऑपरेशन, जंतुसंसर्ग, ताप, अंगातले पाणी कमी होणे, सोडियम किंवा साखर घसरणे, श्वास कमी पडणे, न आवरणारे दुखणे, तुंबलेली लघवी, न झालेली शौच आणि रात्रभराचे जागरण हे वारे. वारा लहान असला तरी कुजलेल्या मुळाला पुरतो. अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासावर असलेल्या रोग्यांना तर हे फारच होते, तिथे तरुण माणूसही सुटत नाही. २०२०-२१ मध्ये करोनाच्या वॉर्डात जवळचे माणूस नाही, समोरच्याचे तोंड झाकलेले, दिवस-रात्र कळत नाही, अशा अवस्थेत कित्येकांना हा भ्रम झाला.

आपल्या शेतकरी घरांसाठी दोन गोष्टी मुद्दाम सांगतो, कारण त्या शहरातल्या पुस्तिकांत सापडत नाहीत. पहिली फवारणीच्या विषबाधेची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते कोणी विसरलेले नाही. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या औषधाची बाधा झाली की रुग्णालयात ॲट्रोपिनची इंजेक्शने देतात. त्याने जीव वाचतो. पण ते जास्त चढले की तोंड कोरडे पडते, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापते आणि माणूस हवेत हात मारू लागतो, नसलेल्या गोष्टी पाहतो. धोत्र्याच्या बिया खाल्लेला माणूस ज्याने पाहिला असेल त्याला हे चित्र ओळखीचे वाटेल, कारण धोत्र्यातही ॲट्रोपिन असते. अशा वेळी ‘विष डोक्यात गेले, आता उपयोग नाही’ म्हणून रोग्याला हलवू नका. डॉक्टरांना बोलवा, त्यांना मात्रा कमी-जास्त करता येते.

दुसरी गोष्ट दारूची. रोज पिणारा माणूस पाय मोडून दवाखान्यात पडला की दारू एकदम बंद होते. दोन ते चार दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, अंगावर किडे चालल्यासारखे वाटते आणि भ्रम होतो. यात जीव जाऊ शकतो. औषध आहे, ते वेळेवर मिळाले पाहिजे. पण घरचे लोक चारचौघांत कमीपणा नको म्हणून ‘कधीमधी घेतात’ असे सांगतात. बंधूंनो, डॉक्टरांपाशी अब्रू झाकू नका. किती आणि शेवटची कधी घेतली, ते पहिल्याच दिवशी सांगा. लपवून बाटली नेऊन पाजण्याचा उपायही करू नका.

आता हिशेबाकडे वळू, कारण या लेखाला बसलो तो हिशेबासाठीच.

अमेरिकेत २००८ साली या दुखण्याचा खर्च काढला गेला. ज्याला दवाखान्यात डिलिरियम झाला अशा वृद्धामागे वर्षभरात सुमारे १६,००० ते ६४,००० डॉलर जादा खर्च येतो आणि साऱ्या देशाचा मिळून ३८ ते १५२ अब्ज डॉलर, असा अंदाज निघाला. ते आकडे आपल्या कामाचे नाहीत, पण तिथे निदान कोणीतरी हिशेब मांडला. आपल्याकडे राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१७-१८ साली काढले की, ग्रामीण भागात बाळंतपण सोडून एका वेळच्या दवाखान्यात भरतीचा वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात सरासरी ४,३०० रुपयांच्या आसपास आणि खासगीत २७,००० रुपयांच्या वर जातो. यात बुडालेले खळे नाही. उपवर्गाला न गेलेली मुलगी नाही. ते कोणत्याच पावतीवर येत नाही.

माझ्या भावाची वही माझ्याकडे आहे. ऑपरेशनचे बिल वेगळे. आठ तारखेला घरी जायचे ते आबा सतरा तारखेला गेले, म्हणजे नऊ दिवस जादा. त्या नऊ दिवसांची खाट, तपासण्या आणि औषधे मिळून २७,४०० रुपये. रात्री आबांना एकट्याने आवरेना म्हणून सहा रात्री एक माणूस ठेवला, त्याचे ३,०००. एकाऐवजी तिघे सोबत राहिलो, त्यांचे जेवण, चहा आणि एसटी मिळून ५,६००. झाले ३६,०००. आणि ११ फेब्रुवारीला, रविवारी, गारपीट झाली. त्या दिवशी जालना, बीडपासून विदर्भापर्यंत गारांनी रब्बी झोडपली, ते तुम्हाला आठवत असेल. आमचा हरभरा उभा होता. पंधरा क्विंटल येईल असा अंदाज होता, गोळा करून चार क्विंटल मिळाले. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,४०० रुपये. अकरा क्विंटलांचे ४८,४०० झाले. एकूण ८४,४००. गारा काही आबांमुळे पडल्या नाहीत, हे खरे. पण आमच्या बांधाला लागून असलेल्या शेतकऱ्याने नऊ तारखेला खळे उरकले होते.

वहीत नसलेला खर्चही सांगतो. भावजय दवाखान्यात आणि भाऊ दवाखान्यात, मग घरी स्वयंपाक, शेण, धारा कोणी केल्या? माझ्या पुतणीने. तिची बारावी होती, परीक्षा फेब्रुवारीअखेरीस. दोन प्रात्यक्षिके बुडाली, ती शाळेच्या हातापाया पडून नंतर द्यावी लागली. घरात दुखणे आले की पहिली वही मुलीची मिटते, हे मी किती गावांत पाहिले आहे.

आबा घरी आले. वार उलटे सांगू लागले ते चौदा तारखेला. डॉक्टरीणबाईंनी विचारले, तर रविवारपासून सोमवारपर्यंत बरोबर आले आणि पुढे न विचारताच त्यांनी पावसाची नक्षत्रे उलटी म्हणून दाखवली. हस्त, उत्तरा, पूर्वा, मघा, असे करत मृगापर्यंत. बाईंना त्यातले काही कळले नाही, पण त्यांना इतके हसू आले की सिस्टर पाहायला आल्या. तरीही पूर्वीचे आबा पूर्ण परत आले असे म्हणता येत नाही. दुधाचा हिशेब ते तोंडी ठेवत, तो पुढे जमेना. चार-पाच महिने संध्याकाळ झाली की थोडे बावरत. हे दुखणे उतरले तरी काहींच्या स्मरणशक्तीवर मागे खूण ठेवते, हे पुष्कळ अभ्यासांत दिसले आहे. हे घडलेल्या रोग्यांत मृत्यूचे प्रमाणही जास्त असते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कृत्रिम श्वासावरच्या ज्या रोग्यांना डिलिरियम झाला त्यांतले शंभरातले ३४ सहा महिन्यांत दगावले, ज्यांना झाला नाही त्यांतले १५. म्हणून ‘बडबडतात, थकले की गप्प बसतील’ हे बोलणे सोडून दिले पाहिजे.

पण सगळ्यांत अवघड गेले ते बहिणीचे आणि भावजयीचे. आबांना आपण काय बोललो ते अर्धवट आठवत होते. विचारले की ते मान खाली घालत. बहीण म्हणे, “शुद्धीत नसताना माणूस खरंच बोलतो.” हा समज फार खोटा आणि फार घातकी आहे. या भ्रमात रोग्याला आपल्यावर विष घातले जात आहे, आपल्याला कोंडले आहे, लुबाडत आहेत, असे वाटणे हे दुखण्याचेच लक्षण आहे, तापात अंग तापावे तसे. आणि आरोप बहुधा जो सर्वांत जवळ असतो, पाणी पाजतो, अंग पुसतो, त्याच्यावरच येतो, कारण समोर तोच असतो. आपल्या घरात ते माणूस म्हणजे सून. दोन वर्षे बहीण दिवाळीला माहेरी आली नाही.

जमिनीची गोष्ट निघाली म्हणून कायद्याचेही एक सांगून ठेवतो. दवाखान्यात खाटेवर अंगठे घेतल्याच्या हकीकती आपल्या भागात कमी नाहीत. १८७२ सालच्या भारतीय करार कायद्याच्या १२ व्या कलमात उदाहरणच दिले आहे की, तापाने भ्रम झालेल्या शहाण्या माणसाला तो भ्रम असेपर्यंत करार करता येत नाही. मृत्युपत्रालाही तसाच नियम आहे : आपण काय करतो हे ज्याला आजारामुळे कळत नाही, त्याला त्या अवस्थेत मृत्युपत्र करता येत नाही. तेव्हा भ्रमात असलेल्या माणसाचा अंगठा कोणी घेऊ नये आणि कोणी पुढे केलेल्या कागदावर घेऊही देऊ नये. असा कागद कोर्टाच्या पायऱ्या चढवतो आणि तिथे दोन्ही बाजूंच्या भावांची शेती विकली जाते.

आता यावर करायचे काय? आनंदाची गोष्ट अशी की, यातले बरेचसे टाळता येते आणि त्याला महाग औषध लागत नाही. डॉ. इनूये यांनी १९९९ साली ८५२ वृद्ध रोग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना नेहमीची सेवा दिली आणि निम्म्यांकडे काही साध्या गोष्टी नेमाने केल्या : चष्मा, कानाचे यंत्र, पुरेसे पाणी, दिवसा हालचाल, रात्री झोपेची गोळी न देता झोप लागेल अशी व्यवस्था, आणि आज वार कोणता, आपण कुठे आहोत, हे सांगत राहणे. नेहमीच्या सेवेत शंभरातल्या १५ जणांना डिलिरियम झाला, या दुसऱ्या गटात १० जणांना. जाणकारांच्या मते तीस-चाळीस टक्के प्रकार असे टाळता येण्यासारखे असतात. तिथे या कामाला शिकवलेले स्वयंसेवक होते. आपल्याकडे एका सिस्टरच्या वाट्याला कितीतरी खाटा असतात, पण आपल्याकडे एक गोष्ट आहे, ती म्हणजे सोबतचे माणूस. फक्त त्या माणसाला काय करायचे ते ठाऊक पाहिजे.

सोबतीला रोज नवे माणूस पाठवू नका, ओळखीचा एकच आवाज राहू द्या. भेटायला अख्खे गाव नको. डॉक्टरांनी पाणी बंद केलेले नसेल तर घोट-घोट पाजत राहा. शौच-लघवीचे विचारा, लाजू नका. डॉक्टरांनी परवानगी दिली की दिवसा खाटेवर बसवा, आधार देऊन चालवा, खिडकीपाशी उजेडात न्या. रात्री दिवा आणि बोलणे कमी करा, वॉर्डात मोबाईलवर गाणी लावू नका. रोगी ‘बैल सुटले’ म्हणाला तर वाद घालू नका, खोटी हो-ला-होही लावू नका. “आबा, आपण दवाखान्यात आहोत, तुमच्या पायाचं ऑपरेशन झालंय, मी तुमच्याजवळ आहे,” असे हळू आवाजात पुन्हा पुन्हा सांगा. बांधून ठेवल्याने भीती वाढते, म्हणून शेजारी बसून हात धरता येत असेल तर तसे सिस्टरांना विचारा. आमच्या आबांच्या हाताची पट्टी पाचव्या दिवशी सुटली, ती भावजय रात्रभर हात धरून बसली म्हणून. होय, तीच भावजय. घरची कोणतीही गोळी, काढा, चूर्ण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका. सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या म्हाताऱ्या मेंदूला फार बाधतात. अंगारा लावल्याने श्रद्धेचे समाधान होत असेल तर लावा, पण त्यासाठी रोग्याला दवाखान्यातून हलवू नका.

आबा २०२२ साली गेले, घरी, झोपेत. बहीण त्याआधी वर्षभर पुन्हा येऊ-जाऊ लागली होती. मी तिला डॉक्टरीणबाईंचा शब्द समजावून सांगत होतो तेव्हा तिने ऐकले नव्हते. तिच्या सासूला दवाखान्यात तसेच झाले आणि सासूने तिच्यावरच दागिने चोरल्याचा आळ घेतला, तेव्हा तिने माझ्या भावजयीला फोन केला. दोघी काय बोलल्या ते आम्हाला कळले नाही.

आमच्या घरात आता खुंटीला एक कापडी पिशवी टांगलेली असते. तिच्यात जाड अक्षरांची दिनदर्शिका, एक लहान घड्याळ, कानाच्या यंत्राचे जादा सेल, चष्म्याची डबी, आणि कोण कोणती गोळी किती वाजता घेतो ते लिहिलेला कागद. कागद पुतणीच्या अक्षरातला आहे. यंदा पावसाळ्यात चुलतीला न्यूमोनिया झाला तेव्हा ती पिशवी तिच्याबरोबर गेली. चुलती एक रात्र बावरली, पण भावाने त्याच रात्री सिस्टरांना उठवले. सहाव्या दिवशी ती पायी चालत एसटीत चढली. चष्मा तेवढा खाटेच्या उशाशी राहिला, तो आणायला भाऊ दुसऱ्या दिवशी पुन्हा शहरात गेला.